शहरालगतच्या जमिनीचा वापर नेमका कोण ठरवतो?

प्रश्नकर्त्यांची वडिलोपार्जित जमीन करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहराला लागून असलेल्या आणि कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या 42 गावांत मोडणाऱ्या एका गावी आहे. प्रादेशिक योजनेत ती शेती झोनमध्ये दाखवली आहे, शेजारच्या गटात मात्र बंगले उभे आहेत. घर बांधण्यासाठी ते आधी ग्रामपंचायतीत गेले. तेथून त्यांना प्राधिकरणाकडे, प्राधिकरणाकडून तहसील कार्यालयाकडे पाठवण्यात आले आणि आता पाटबंधारे खात्याचा पूररेषेचा दाखला आणण्यास सांगण्यात आले आहे. यांतला खरा अधिकार कोणाचा आणि झोन बदलून हवा असेल तर तो कोणाकडे मागायचा, असे त्यांनी विचारले आहे.

जमिनीचा वापर ठरवण्याचा अंतिम अधिकार राज्य शासनाचा आहे. महापालिका, नगरपालिका किंवा प्राधिकरण योजना तयार करते आणि मंजूर झाल्यावर राबवते. केंद्र सरकार गावाची किंवा शहराची योजना करत नाही, पण ठरावीक ठिकाणी ‘येथे बांधता येणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. ग्रामपंचायतीच्या हाती गावठाणापलीकडे फारसे काही नाही. हे उत्तर बरोबर असले तरी आपल्या कामाला ते पुरणार नाही, कारण आपल्याला चार उंबरे झिजवावे लागले त्याचे कारण वेगळे आहे. ही वाटणी कोणी एकदा बसून केलेली नाही. ती वेगवेगळ्या काळी झालेल्या वेगवेगळ्या कायद्यांतून साचत आली आहे, आणि प्रत्येक कार्यालय आपल्यापुरत्या कायद्याचे उत्तर देते.

सुरुवात राज्यघटनेपासून करावी लागेल, कारण गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. सातव्या अनुसूचीत ‘जमीन’ हा विषय राज्यसूचीत 18 व्या क्रमांकावर आहे आणि ‘स्थानिक शासन’ 5 व्या क्रमांकावर. त्यामुळे जमिनीच्या वापराचा कायदा करणे हे राज्य विधिमंडळाचे काम ठरते. आपल्याकडे तो कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. कार्यालयीन बोलीत ‘एमआरटीपी’. पुढे 74 वी घटनादुरुस्ती आली आणि 1 जून 1993 पासून अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांपैकी पहिला विषय नगररचनेसह नागरी नियोजनाचा आणि दुसरा जमिनीच्या वापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन करण्याचा आहे. नगरसेवक सभागृहात ‘हा आमचा घटनादत्त अधिकार आहे’ असे म्हणतात, ते याच आधारावर. मात्र ज्या अनुच्छेदातून ही अनुसूची येते तो 243-डब्ल्यू हा अनुच्छेद असे सांगतो की राज्य विधिमंडळ कायद्याने हे अधिकार नगरपालिकांना देऊ शकेल. ‘देऊ शकेल’ म्हणजे द्यावेच लागतील असे नाही. महाराष्ट्राने 1966 च्या कायद्याची चौकट कायम ठेवली आणि त्या चौकटीत विकास योजनेला मंजुरी देण्याचा कलम 31 खालील अधिकार राज्य शासनाकडेच राहिला. घटनेने दार दाखवले, किल्ली मात्र मंत्रालयातच राहिली, असे म्हणावे लागते.

ग्रामपंचायतीची बाजू याहून दुबळी आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यांत जमीन सुधारणा, भूसुधारणांची अंमलबजावणी, एकत्रीकरण आणि मृदसंधारण आहे. जमिनीच्या वापराचे नियोजन नाही. एमआरटीपी कायद्याखालीही ग्रामपंचायत हे नियोजन प्राधिकरण नाही. तेव्हा सरपंचांनी आपल्याला प्राधिकरणाचा रस्ता दाखवला, त्यात टाळाटाळ नव्हती.

येथे जिल्हा नियोजन समितीचाही उल्लेख करायला हवा, कारण नावामुळे पुष्कळ लोक अर्ज घेऊन तिच्याकडे जातात. अनुच्छेद 243-झेडडी नुसार या समितीने पंचायती आणि नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी विचारात घेऊन जिल्ह्याचा विकास आराखडा करावयाचा आहे, आणि त्या बाबींमध्ये अवकाशीय नियोजन, पाण्याची वाटणी आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शहर आणि भोवतालची गावे यांच्यातील प्रश्न एका टेबलावर सोडवण्यासाठी घटनेने दिलेली हीच जागा होती. प्रत्यक्षात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीच्या बैठकांत वार्षिक निधीचे वाटप होते. नकाशा उघडला जात नाही. माझ्या मते महाराष्ट्रातील नियोजनातली ही सर्वांत मोठी वाया गेलेली तरतूद आहे. महानगर नियोजन समितीची तरतूदही घटनेत आहे, पण ती 10 लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या 5,49,236 होती, त्यामुळे तो मार्ग आपल्याला लागू नाही.

आता मूळ कायद्याकडे वळू. एमआरटीपी कायद्यात योजनांचे तीन थर आहेत. सर्वांत वर प्रादेशिक योजना. ती साधारणपणे जिल्ह्याच्या किंवा त्याच्या मोठ्या भागाच्या क्षेत्रासाठी असते आणि तिच्यात शेती, निवासी, औद्योगिक, वन असे ढोबळ झोन आणि मुख्य रस्ते असतात. तिच्याखाली विकास योजना, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘डीपी’; तिच्यात झोनबरोबरच शाळा, बाग, दवाखाना, बाजार यांची आरक्षणे आणि रुंदीसह रस्ते येतात. त्याखाली नगररचना योजना, जिच्यात मूळ भूखंड एकत्र करून पुन्हा आखले जातात आणि मालकांना अंतिम भूखंड दिले जातात. प्रादेशिक योजना प्रादेशिक नियोजन मंडळाने तयार करावयाची आणि राज्य शासनाने मंजूर करावयाची. विकास योजना नियोजन प्राधिकरणाने तयार करावयाची, आणि तीही राज्य शासनानेच मंजूर करावयाची.

विकास योजनेचा प्रवास जवळून पाहिला की अधिकार कोठे कोठे वाटला गेला आहे ते कळते. महापालिका कलम 23 खाली योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते. नगररचना अधिकारी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करतो. हे काम लोकांना दिसत नाही, पण पुढचे सगळे वाद त्याच्याच अचूकतेवर उभे राहतात. मग प्रारूप योजना कलम 26 खाली प्रसिद्ध होते आणि हरकती व सूचना मागवल्या जातात. त्या ऐकण्यासाठी नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि पुण्याच्या नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात, म्हणजे सुनावणीच्या टेबलावरसुद्धा स्थानिक आणि राज्य हे दोघेही असतात. समितीचा अहवाल आल्यावर महापालिका बदल करून योजना कलम 30 खाली शासनास सादर करते. शासन ती जशीच्या तशी मंजूर करू शकते, फेरबदलांसह मंजूर करू शकते किंवा परत पाठवू शकते. शासनाने सुचवलेले बदल सारभूत स्वरूपाचे असतील तर तेवढा भाग वगळून उरलेली योजना मंजूर होते आणि वगळलेल्या भागासाठी पुन्हा हरकती मागवल्या जातात.

हा ‘वगळलेला भाग’ नीट लक्षात ठेवावा, कारण व्यवहारात फसगत होते ती येथे. मूळ योजना एका अधिसूचनेने मंजूर होते, आणि वगळलेल्या भागांचा निर्णय पुढे कधीतरी दुसऱ्या अधिसूचनेने येतो. कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला रंगीत नकाशा पहिल्या अधिसूचनेनंतरचा असेल तर त्यावर आपला गट पिवळा, म्हणजे निवासी, दिसेल आणि राजपत्रात तो कधीच हिरवा, म्हणजे शेतीचा, झालेला असेल, किंवा याच्या उलट. जमीन घेताना भिंतीवरच्या नकाशावर, आणि आता मोबाईलवर फिरणाऱ्या पीडीएफवर, विसंबून लाखोंचा व्यवहार करणारे लोक मी पाहिले आहेत. विश्वास ठेवावा तो सही-शिक्क्याच्या भाग नकाशावर आणि झोन दाखल्यावर, आणि तेथेही दाखल्यावर ‘मंजूर’ लिहिले आहे की ‘प्रारूप’ हे पाहूनच.

मंजुरीनंतर बदल करायचा असेल तर कलम 37 आहे. महापालिकेच्या सभेचा ठराव, वर्तमानपत्रात आणि राजपत्रात सूचना, हरकतींची सुनावणी आणि मग प्रस्ताव मंत्रालयात नगर विकास विभागाकडे. शासन पुण्याच्या संचालकांचे मत घेते आणि निर्णय देते. म्हणजे एका बागेचे आरक्षण सरकवायचे असेल तरी ठराव कोल्हापूरचा, मत पुण्याचे आणि सही मुंबईची. शिवाय कलम 154 खाली शासन कोणत्याही नियोजन प्राधिकरणाला निदेश देऊ शकते आणि ते पाळणे बंधनकारक असते. डिसेंबर 2020 मध्ये आलेली एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात, ही या केंद्रीकरणाची पुढची पायरी आहे. त्याआधी प्रत्येक शहराचे बांधकाम नियम वेगळे असत. आता मुंबई महापालिका, एमआयडीसी, थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदा आणि अशी काही मोजकी क्षेत्रे सोडली तर राज्यभर एकच पुस्तक आहे. वास्तुविशारदांना आणि बांधकाम व्यावसायिकांना याचा मोठा दिलासा मिळाला. पण बावड्याची गल्ली आणि पुण्यातील उपनगर यांना एकच माप लावताना गावाचे जे काही स्वतःचे असते, ते नियमात बसत नाही.

या रचनेतील माझा मुख्य आक्षेप खर्चाबद्दल आहे. योजनेवर सही शासनाची असते. आरक्षणाखालची जमीन संपादन करण्याचे पैसे मात्र महापालिकेने उभे करावयाचे. 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने मोबदला वाढवला, जो जमीनमालकाच्या दृष्टीने न्याय्यच होता, पण त्यामुळे मध्यम शहरांना रोख संपादन जवळजवळ अशक्य झाले. टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, हा मार्ग आहे, पण टीडीआरला गिऱ्हाईक लागते आणि ते जेथे जागेचे भाव चढे असतात तेथेच असते. परिणाम असा की आरक्षण नकाशावर राहते आणि जमीन पडून राहते. मंजूर योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत संपादन झाले नाही तर कलम 127 खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप सुटते. ही ‘पावले’ म्हणजे नुसता पत्रव्यवहार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. आपल्या जमिनीवर आरक्षण नाही, केवळ झोन आहे, म्हणून कलम 127 आपल्याला उपयोगी नाही. ‘दहा वर्षे झाली, आता झोन आपोआप सुटेल’ असे जे कोणी सांगते ते या दोहोंची गल्लत करते.

कोल्हापूरची स्थिती आता या पार्श्वभूमीवर पाहता येईल. येथे थोडे मागे जाणे विषयाला धरूनच आहे. संस्थानकाळात ही वाटणीच नव्हती. 1895 साली वसवलेली शाहूपुरीची पेठ, नंतर क्रमांकांच्या गल्ल्यांनी आखलेली राजारामपुरी, 1917 चे जयसिंगपूर, या सगळ्यांत आखणारा, जमीन देणारा आणि पैसा पुरवणारा दरबार एकच होता. राजारामपुरीच्या गल्ल्यांची सरळ रेघ आजही त्याची साक्ष देते. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हे तिन्ही हात वेगळे झाले. लोकशाहीत ते एकाच हाती असू नयेत हे योग्यच. पण ते एकमेकांना ठाऊक तरी असावेत.

महापालिका 15 डिसेंबर 1972 रोजी झाली. तिचे क्षेत्र सुमारे 66.82 चौरस किलोमीटर आहे आणि महापालिका झाल्यापासून ही हद्द वाढलेली नाही. शहर मात्र पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव या बाजूंनी केव्हाच बाहेर पडले आहे. हद्दवाढीचे प्रस्ताव आले, शहरातून हद्दवाढीसाठी आणि गावांतून तिच्याविरुद्ध आंदोलने झाली, आणि त्यातून मधला मार्ग म्हणून 2017 मध्ये 42 गावांचे प्राधिकरण स्थापन झाले. गावांच्या ग्रामपंचायती कायम राहिल्या आणि बांधकाम परवानगी व नियोजन तेवढे प्राधिकरणाकडे गेले.

हा मधला मार्ग मला कधीच पटलेला नाही. कारण कागदावर अधिकार सोपवला गेला असला तरी त्याच्याबरोबर यावयाच्या गोष्टी आल्या नाहीत. आज आपल्या गावी लेआउट मंजूर करते प्राधिकरण आणि विकास शुल्क घेते प्राधिकरण. पण त्या लेआउटमधील लोकांना पाणी द्यावयाचे, कचरा उचलावयाचा आणि गटार काढावयाचे ते ग्रामपंचायतीने, तिच्या घरपट्टीतून. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा हे प्रत्येक रस्त्यागणिक वेगळे. शुल्क घेणारा आणि सेवा देणारा वेगळा झाला की गावकऱ्यांना प्राधिकरण म्हणजे केवळ अडवणूक वाटते, आणि ते वाटणे चुकीचे म्हणता येत नाही. दुसरीकडे, प्राधिकरण रद्द करा या मागणीने प्रश्न सुटणार नाही. परवानगीचे काम पूर्वीसारखे जिल्हाधिकारी आणि नगररचना शाखेकडे जाईल, झोन मात्र तोच राहील. झोन प्राधिकरणाने ठरवलेला नाही. तो प्रादेशिक योजनेतून आलेला आहे आणि प्राधिकरणाची स्वतःची विकास योजना मंजूर होईपर्यंत तोच लागू राहील.

लोकनियुक्त सभागृहाचाही एक मुद्दा आहे. कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत 2020 मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घ काळ प्रशासकांनी कारभार केला. या काळात सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकांकडे असतात, आणि प्रशासक नेमते राज्य शासन. म्हणजे कलम 37 चा प्रस्ताव पाठवणारा आणि त्याला मंजुरी देणारा हे दोघेही शेवटी एकाच दोरीची दोन टोके ठरतात. बाराव्या अनुसूचीचा आत्मा यात कोठे राहिला, हा प्रश्न कोणत्याही पक्षाने गंभीरपणे विचारलेला मला आठवत नाही.

आता पूररेषा. पाटबंधारे खात्याचा दाखला मागितला गेला याचा आपल्याला राग आलेला दिसतो, पण लागणाऱ्या दाखल्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. नदीची पूररेषा महापालिका किंवा प्राधिकरण आखत नाही. ती जलसंपदा विभाग, म्हणजेच पाटबंधारे खाते, आखतो. निळी रेषा सर्वसाधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध. तेथे बाग, मैदान असे मोकळे वापरच चालतात. निळी आणि लाल यांमधील पट्टा नियंत्रित. तेथे जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच ठेवण्याच्या अटीवर बांधकाम करता येते. या पट्ट्यांत काय चालेल हे सांगणारी नियमावली नगर विकास विभागाची, रेषा जलसंपदेची, परवानगी प्राधिकरणाची, आणि पूर आल्यावर होड्या काढून माणसे हलवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या आपत्ती व्यवस्थापनाची.

ही रेषा गटाच्या बांधावरून जात नाही. ती समपातळीवरून जाते, त्यामुळे एकाच गटाचा वरचा तुकडा मोकळा आणि खालचा निळ्या रेषेत, असे पंचगंगेच्या काठी सर्रास घडते. अशा वेळी झोन दाखल्यावर ‘अंशतः पूररेषाबाधित’ असा मोघम शेरा येतो. तेवढ्यावर समाधान मानू नये. भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी करून घ्यावी, त्या मोजणी नकाशावर पूररेषेची पातळी उतरवून घ्यावी आणि बाधित व अबाधित क्षेत्र चौरस मीटरमध्ये वेगवेगळे लिहून घ्यावे. हा कागद हाती असला की प्राधिकरणातील चर्चा वेगळी होते.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले, व्हीनस कॉर्नरसारखा भर शहरातला चौक पाण्याखाली गेला आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. त्या दोन्ही वेळी लोकांनी महापालिकेला जाब विचारला. पूरक्षेत्रातील बांधकामांबाबत तो विचारायलाच हवा. पण महामार्गाचा भराव राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीतला, राधानगरी आणि इतर धरणांतून पाणी केव्हा सोडायचे हे जलसंपदेच्या हाती, नदीकाठच्या गावांतील भराव कोणाच्याच नजरेत नीट न येणारे, आणि अलमट्टीच्या उंचीचा वाद तर दोन राज्यांतला. आंतरराज्य नद्या हा केंद्रसूचीतील विषय. पूर एकच, आणि त्याच्या जमिनीवरच्या कारणांची जबाबदारी पाच ठिकाणी विभागलेली. नदीचे खोरे हे नियोजनाचे एकक मानून प्रादेशिक योजना केली असती तर यातले निदान भराव आणि पूल यांचे प्रश्न एका नकाशावर दिसले असते. प्रादेशिक योजनेचे खरे काम तेच होते. आपण तिला शेती झोनचे रजिस्टर करून ठेवले.

केंद्राचा हात कोल्हापुरात कोठे लागतो ते थोडक्यात सांगतो. उजळाईवाडीच्या विमानतळाभोवती इमारतीच्या उंचीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे निर्बंध आहेत. आपले गाव त्या बाजूला असेल तर बंगल्याला सहसा अडचण येत नाही, उंच इमारतीला येते. पन्हाळ्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते. राखीव वनाच्या जमिनीचा वापर बदलण्यासाठी 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राची पूर्वपरवानगी लागते, आणि राधानगरीकडच्या डोंगराळ भागात पर्यावरण संरक्षण कायद्याच्या अधिसूचना लागू होतात. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे प्रारूप 2014 पासून पुन:पुन्हा काढले गेले आहे. या सर्वांत केंद्र ‘काय बांधावे’ हे सांगत नाही. एमआयडीसीचा प्रकार निराळा: शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक क्षेत्रांत ते राज्याचे महामंडळच विशेष नियोजन प्राधिकरण आहे, तेथे आपल्या प्राधिकरणाचे काही चालत नाही.

तहसील कार्यालयाकडे आपल्याला पाठवले ते बिनशेतीसाठी. हा नियोजनाचा भाग नव्हे, महसुलाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली शेतसाऱ्याची जमीन बिगरशेती वापरात आली की आकारणी बदलते, म्हणून ती परवानगी होती. गेल्या काही वर्षांत संहितेत कलम 42-ब, 42-क आणि 42-ड आल्यापासून, योजनेत ज्या वापरासाठी जमीन दाखवली आहे त्या वापरासाठी, तसेच गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या परिघातील निवासी वापरासाठी, बिनशेतीचा स्वतंत्र खेटा कमी झाला आहे. त्यासाठी ठरलेली रक्कम शासनाकडे भरावी लागते. बांधकाम परवानगीतून मात्र यामुळे सुटका होत नाही. आणि ज्या झोनमध्ये तो वापर बसत नाही तेथे तहसीलदार काहीही देऊ शकत नाहीत. क्रम नेहमी झोन, मग महसूल, मग बांधकाम असाच असतो. आपण उलट्या क्रमाने गेलात.

शेजारच्या गटातील बंगल्यांविषयी आपण विचारले आहे. मी जागा पाहिलेली नाही, पण अशा ठिकाणी तीनच गोष्टी संभवतात. तो गट गावठाणाच्या 200 मीटरच्या आत असेल. किंवा तेथे गुंठेवारी पडली असेल, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याचे तुकडे विकले गेले असतील, आणि 2001 च्या कायद्याखाली, 2021 च्या सुधारणेनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या विकासाला मिळालेल्या सवलतीत ती नियमित झाली असेल. किंवा ती बांधकामे अनधिकृत असतील. शेजाऱ्याने बांधले म्हणून आपल्यालाही बांधता येते, हा युक्तिवाद कोणत्याही अपिलात टिकत नाही. उलट, तिसरा प्रकार असेल तर कलम 53 ची नोटीस त्या बंगल्यांनाच लागू शकते.

आता आपण काय करावे. प्रथम प्राधिकरणातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा आणि भूमी अभिलेखाकडून गावठाणाच्या हद्दीपासूनचे अंतर मोजून घ्यावे. 200 मीटरच्या आत असाल आणि निळ्या रेषेबाहेर असाल तर झोन बदलण्याच्या भानगडीत पडण्याचे कारणच नाही. बाहेर असाल तर शेती झोनमध्येही नियमावलीनुसार शेतघर आणि काही ठरावीक वापर चालतात. घर आपल्या कुटुंबापुरतेच बांधायचे असेल तर हे आधी तपासावे. परवानगीचा रीतसर अर्ज केल्यावर 60 दिवसांत निर्णय व्हावा असे कलम 45 सांगते, आणि नकार आल्यास कलम 47 खाली 40 दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. म्हणून तोंडी नकार घेऊ नये, लेखीच मागावा. तोंडी नकारावर अपील होत नाही आणि कार्यालयाला ते ठाऊक असते.

झोनच बदलून हवा असेल तर तो कलम 20 खाली प्रादेशिक योजनेतील फेरबदल ठरतो आणि अधिकार राज्य शासनाचा आहे. एकट्या गटासाठी हा अर्ज करणे खर्चिक आहे आणि ते मंजूर होण्याची शक्यताही कमी, कारण एका हिरव्या पट्ट्यात एक पिवळा ठिपका उमटवण्याला नगररचना विभागाचा स्वाभाविक विरोध असतो, आणि तो योग्यही आहे. लगतचे खातेदार एकत्र येऊन सलग क्षेत्राचा, पोहोच रस्त्यासह प्रस्ताव देतात तेव्हा त्याला वजन येते. याहून स्वस्त आणि परिणामकारक संधी मात्र प्राधिकरणाची प्रारूप विकास योजना कलम 26 खाली प्रसिद्ध होईल तेव्हा येईल. त्या सूचनेत दिलेल्या मुदतीतच हरकत नोंदवावी, सोबत मोजणी नकाशा आणि पूररेषेचा दाखला जोडावा, सुनावणीची नोटीस मिळाल्यावर स्वतः हजर राहावे आणि दिलेल्या अर्जाची पोच सांभाळून ठेवावी. मुदतीत हरकत न घेता योजना मंजूर झाल्यावर धावपळ करणाऱ्यांना पुढे कलम 37 चा तो कोल्हापूर, पुणे, मुंबई असा प्रवास करावा लागतो.